वाटणीच्या घरातले हसू

भाऊबंदकी हा मराठी भाषेतला मोठा बोलका शब्द आहे. वैर, वितुष्ट, कलह हे शब्द कोणाही दोन माणसांना लागू पडतात; भाऊबंदकीला मात्र रक्ताचे नाते लागते. जी माणसे लहानपणी एका ताटात जेवली, एका अंथरुणावर निजली, एकाच बापाच्या हातचा मार खाऊन एकाच आईच्या पदराआड रडली, त्यांनीच पुढे एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जावे, ही गोष्ट आपल्या समाजाला इतकी परिचयाची आहे की तिच्यासाठी वेगळा शब्द घडवावा लागला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे याच नावाचे नाटक १९०९ साली रंगभूमीवर आले. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मधला खून हा त्याचा विषय. भांडण गादीचे होते, माणसे इतिहासातली होती, आणि अशा नाटकाला प्रेक्षकाने गंभीर मुद्रेने बसावे अशीच रीत होती.

त्यानंतर साठ-पासष्ट वर्षांत मराठी रंगभूमीवर एक निराळाच प्रकार अवतरला. बाप मरून पडला आहे, किंवा मरावा म्हणून मुले वाट पाहत आहेत. घरात वाटणीची कुजबुज चालू आहे. आणि प्रेक्षक हसत आहेत! हे हसू पोट धरून हसण्याच्या जातीचे नव्हे. ते ओठांतून निसटते आणि आपण हसलो याचीच मग लाज वाटू लागते. पाश्चात्य देशांत अशा नाटकांना ‘ब्लॅक कॉमेडी’ म्हणतात. आम्ही येथे ‘काळा विनोद’ हाच शब्द वापरणार आहोत. दुरावलेली भावंडे आणि त्यांच्यामध्ये उभे असलेले, किंवा आडवे झालेले, एक आईबाप, या प्रसंगात हसण्यासारखे असते तरी काय, आणि ते हसू माणुसकीला धरून आहे की सोडून, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही योजिला आहे.

वसई-विरारच्या श्रोत्यांपुढे हा विषय परका ठरेल असे आम्हास वाटत नाही. ज्या गावात वडिलोपार्जित वाडी आहे आणि त्या वाडीला आज शहराचा भाव आला आहे, त्या गावात हे नाटक पाहण्यासाठी बोरिवलीच्या किंवा दादरच्या नाट्यगृहापर्यंत जाण्याची गरज नसते. त्याचे अंक शेजारच्या ओटीवर चालू असतात. त्या ओटीकडे आपण शेवटी वळूच. आधी नाटकांची ओळख करून घेऊ.

मेलेल्याच्या धनावर टपलेल्या माणसांना हसण्याची प्रथा पुष्कळ जुनी आहे. इंग्रज नाटककार बेन जॉन्सन याचे ‘व्होल्पोनी’ हे नाटक १६०६ सालचे. त्यात एक धनाढ्य माणूस मरणाचे सोंग घेऊन पडतो आणि वारस होऊ पाहणारे लोक भेटी घेऊन त्याच्या उशाशी येरझारा घालतात. नाटककाराने त्यांना नावेच मुळी गिधाड, डोमकावळा आणि कावळा या अर्थांची दिली आहेत. फ्रान्समध्ये मोलिएरने १६६८ साली आपला प्रसिद्ध कंजूष बाप रंगभूमीवर आणला. त्याची मुले त्याच्या पैशांकडे आणि तो मुलांकडे सारख्याच संशयाने पाहतात. या दोन्ही नाटकांत हसणे निर्धास्त आहे. लोभी माणूस मूर्ख ठरतो, त्याची फजिती होते, आणि आपण काही तसे नाही अशा समाधानात प्रेक्षक घरी जातो. ही सोय प्रेक्षकाच्या हातून काढून घेणे हे काळ्या विनोदाचे पहिले काम होय.

ही सोय काढून घेतली म्हणजे काय होते हे समजण्यास मराठी रंगभूमीवरचे १९७० हे एकच साल पुरेसे आहे. त्या वर्षी दोन नाटके आली आणि दोन्हींशी डॉ. श्रीराम लागूंचे नाव जोडलेले आहे. एक वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’, ज्यात लागूंनी गणपतराव बेलवलकरांची भूमिका केली. दुसरे विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’, ज्याचे दिग्दर्शन त्यांनी केले. ‘गिधाडे’ लिहून झाले होते साठीच्या दशकाच्या आरंभीच. रंगमंचावर यायला त्याला जवळजवळ दहा वर्षे लागली. दोन्ही नाटकांत एक बाप आहे, त्याची वयात आलेली मुले आहेत आणि मध्ये पैसा आहे. परंतु दोन नाटकांतून बाहेर पडणारा प्रेक्षक मात्र दोन प्रकारचा असतो.

‘नटसम्राटा’तला बाप निवृत्त होताना सर्वस्व मुलांना वाटून देतो. आधी मुलाच्या घरी त्याची अडचण होते आणि मग मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो. येथे दोष कोणाचा याविषयी प्रेक्षकाच्या मनात फारसा संशय राहत नाही. बापाच्या हातून एक भाबडी चूक झाली आहे, पण ती देण्याची चूक आहे, घेण्याची नव्हे. म्हणून आपण त्याच्या बाजूला बसून रडतो. हे रडणे खरे आहे, आणि त्याची थोरवी कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या रडण्यात प्रत्येक प्रेक्षक स्वतःला बापाच्या जागी कल्पितो; मुलाच्या किंवा सुनेच्या जागी कोणीही कल्पीत नाही. हजार माणसांच्या प्रेक्षागृहात हजार गणपतराव बसलेले असतात. मग तो मुलगा आणि ती मुलगी येतात कोठून?

‘गिधाडे’ या प्रश्नाचे उत्तर देते. त्या घरातल्या पप्पांना रमाकांत, उमाकांत आणि माणिक अशी तीन मुले आहेत. तिघांनाही बापाचा पैसा हवा आहे आणि तो मिळवण्यात बाप जिवंत असणे ही एक अडचण आहे. भावंडे दारूची बैठक जमवतात, बापालाही तीत ओढतात, आणि त्याने बँकेत लपवून ठेवलेल्या रकमेचा ठाव काढतात. आता हा बाप बिचारा म्हणावा, तर तेही जमत नाही. त्याने स्वतःच्या सख्ख्या भावाला, सखारामला, धंद्यातल्या वाट्यातून फसवून बाहेर काढलेले आहे, आणि तो सखाराम मध्येच येऊन आपला हिस्सा मागतो. बापाचा एक अनौरस मुलगा, रजनीनाथ, घराच्या गॅरेजमध्ये राहतो. त्याला बापाने कधी मुलगा म्हटलेले नाही. तात्पर्य, मुलांनी बापाकडून घर घेतले नसेल, पण धडा घेतला आहे. एका पिढीने भावाला लुबाडले, दुसऱ्या पिढीने बापाला. वारसा म्हणतात तो हाच.

या नाटकात हसू कोठे येते? ज्या क्षणी भावंडे एकमेकांशी अगदी घरगुती सलगीने बोलतात त्या क्षणी येते. कट बापाच्या मानगुटीचा आहे, परंतु बोलणे एखाद्या सहलीच्या तयारीसारखे चालले आहे. पुढे दोघे भाऊ बहिणीच्या प्रियकराकडून पैसे उकळण्यासाठी बहिणीचाच पाय मोडून तिला घरात डांबतात. तो गृहस्थ संस्थानिक, तेव्हा रक्कम भली मोठी मिळायची असते. पण तो हृदयविकाराने दगावतो आणि सगळा बेत फुकट जातो. एवढा नीच कट एवढ्या किरकोळ कारणाने फसावा, यात विनोद आहे हे नाकारता येत नाही. परंतु पुढच्याच घटकेस ते भाऊ गर्भार बहिणीला लाथाडतात, आणि ती साडीवर रक्ताचा डाग घेऊन रंगमंचावर येते. तेथे हसू घशात अडकते.

हे अडकणे लेखकाने मुद्दाम योजिले आहे. काळा विनोद आणि निर्दय थट्टा यांतला फरक ओळखण्याची खूण येथेच सापडते. निर्दय थट्टेत दुबळ्याच्या दुःखावर हसवले जाते. काळ्या विनोदात हसू येते ते बळजोराच्या हिशेबावर, आणि दुबळ्याला लागले की ते बंद व्हावे अशी व्यवस्था केलेली असते. ‘गिधाडे’त रमाकांतची बायको रमा हिच्यावर कोणी हसत नाही. तिला मूल हवे आहे, माया हवी आहे, आणि त्या घरात या दोन गोष्टींचा व्यवहारच नाही. तिच्याकडे पाहून प्रेक्षकाला कळते की आपण इतका वेळ कशाला हसत होतो.

त्या डागाची आणखी एक हकिगत आहे. सेन्सॉर मंडळाने त्या लाल रंगावर आक्षेप घेतला. साडीवरचा डाग लाल मानावा की निळा, यावर घासाघीस झाली आणि अखेर त्याविषयी प्रेक्षकांना निवेदन करण्यापर्यंत मजल गेली. भावांनी बहिणीला लाथ मारली हे चालेल, त्याचा रंग तेवढा बदलावा! नाटकाबाहेर घडलेला हा काळा विनोद नाटकातल्या विनोदापेक्षा उणा नव्हता. आपल्या घरांतूनही दुसरे काय होते? घडायचे ते घडते. फक्त ते सांगताना रंग बदलून सांगण्याची खबरदारी सर्वजण घेतात.

‘गिधाडे’त सर्वच अपराधी आहेत. त्यामुळे एखादा प्रेक्षक म्हणेल, आमचे घर काही असे नाही, आम्ही बापाला दारू पाजून धनादेशावर सह्या घेत नाही. त्या प्रेक्षकासाठी महेश एलकुंचवारांनी ‘वाडा चिरेबंदी’ लिहिले आहे. विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९८५ साली रंगभूमीवर आले. पुढे एलकुंचवारांनी त्याच कुटुंबाची कथा ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या दोन नाटकांत नेली आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी १९९४ साली ती तिन्ही नाटके एकत्र बसवली. ‘वाडा चिरेबंदी’ला रूढ अर्थाने कोणी विनोदी नाटक म्हणणार नाही. पण आमच्या मते काळ्या विनोदाचा सर्वांत अस्सल प्रकार तेथेच आहे, कारण त्या घरात गिधाड कोणीच नाही.

विदर्भातल्या धरणगावच्या देशपांड्यांचा तो वाडा. वडील, तात्याजी, वारले आहेत. थोरला भास्कर घर सांभाळून आहे. मधला सुधीर मुंबईस नोकरी करतो, तो बायको अंजलीसह आला आहे. धाकटा चंदू लग्नावाचून राहिला आहे आणि घरातली हमाली करतो. बहीण प्रभा हिची शिक्षणाची हौस वाड्याच्या इभ्रतीपायी मारली गेली आहे. आई आहे, आणि तात्याजींची म्हातारी आई, दादी, हीही अजून आहे. तिला मुलगा गेल्याचे भान नाही, ती त्याला हाका मारीतच असते. दारात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. आणि प्रश्न आहे तेराव्याच्या जेवणाचा. देशपांड्यांच्या घरचे तेरावे, म्हणजे गावजेवण झाले पाहिजे. पैसा कोणाजवळही नाही. भास्करला वाटते, मुंबईकर देईल. मुंबईकराला वाटते, वाड्यात काहीतरी असेलच.

येथे प्रत्येकाचा हिशेब ऐकून घेण्यासारखा आहे. भास्कर म्हणणार, आम्ही येथे राहिलो, म्हाताऱ्यांचे केले, गावाला तोंड दिले. सुधीर म्हणणार, आम्ही बाहेर पडलो, तुमच्याकडे कधी काही मागितले नाही, दोन खोल्यांत संसार केला. चंदूने हिशेब ठेवलेलाच नाही, आणि म्हणून त्याला कोणी विचारतही नाही. प्रभाला तर देण्याघेण्याच्या यादीत नावच नाही. यांतला एकही खोटे बोलत नाही. भांडण विकोपाला जाते ते प्रत्येकाचे म्हणणे खरे असल्यामुळे. सेवेचे नाणे निराळे आणि पैशाचे नाणे निराळे. एकाचे दुसऱ्यात मोड करून देणारा सराफ अजून जन्मास आलेला नाही. पंधरा वर्षे आईचे पथ्यपाणी पाहिले त्याचे किती रुपये? दरमहा धाडलेल्या मनिऑर्डरींची किती रात्रींची जागरणे? या बेरजा करू पाहणारी शहाणी माणसे हास्यास्पद दिसतात, आणि आपल्याला हसू येते कारण याच बेरजा आपणही मनातल्या मनात करून ठेवलेल्या असतात.

एलकुंचवारांच्या नाटकात या बेरजेचे उत्तर एका घटनेने येते. रात्री भास्कर आणि त्याची बायको घराण्याचे दागिने बाहेर काढतात. वहिनी ते अंगावर घालून पाहते. बाहेर सुतक, आत सोने. त्या प्रसंगात लोभ आहे, पण त्याहून अधिक एक केविलवाणी हौस आहे: आयुष्यभर ज्या वाड्याच्या नावाखाली राबलो त्याचे वैभव एकदा तरी अंगाला लागावे. पुढे भास्करचीच मुलगी रंजू ते सोने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते, आणि ज्यावरून मोठी माणसे एकमेकांना संशयाने पाहत होती ते वाटणीला उरतच नाही. ‘गिधाडे’तला संस्थानिक जसा ऐन वेळी मरतो, तसे येथे सोने ऐन वेळी जाते. काळ्या विनोदाची ही एक ठराविक चाल आहे. भांडणाचे कारण नाहीसे होते आणि भांडण मात्र शिल्लक राहते. मग भांडण कशासाठी होते, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. आमचे उत्तर असे की भांडण वस्तूसाठी नव्हतेच. ‘मी या घरासाठी जे केले ते कोणी पाहिले का?’ हा प्रश्न सरळ विचारण्याची भाषा त्या घरात कोणाला ठाऊक नव्हती. म्हणून तो प्रश्न सोने, जमीन आणि तेराव्याचा खर्च यांच्या तोंडून विचारला जात होता.

तिसरे उदाहरण सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’चे. हे नाटक १९७४ साली पुण्यात प्रथम झाले. यात भावंडांचे भांडण नाही. बाप, आई आणि एकुलता मुलगा नाना, एवढाच विस्तार आहे. पण आईबापाच्या मरणावर हसण्याची परवानगी मराठी प्रेक्षकाला कोणी दिली असेल तर ती या नाटकाने, म्हणून त्याचा उल्लेख टाळता येत नाही. चाळीतले भाऊराव झोपेतच वारतात, आणि उठून स्वतःच्या मरणाचे कीर्तन लावतात! त्यांची इच्छा एवढीच की आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे. आणि ते स्मशान तर बंद झालेले. मग प्रेत घरात, चाळकरी दारात, बायको नव्या आयुष्याच्या कल्पनेत, आणि मुलगा बापाचा अखेरचा हट्ट पुरवण्याच्या पेचात. कीर्तनाचा साज पवित्र, मजकूर ऐहिक. या विजोडामुळे हसू येते. पण हसता हसता एक गोष्ट मनात रुतते. बापाला जे सांगायचे होते ते त्याने मेल्यावर सांगितले. जिवंतपणी बापलेकांचे असे बोलणे झाले असते तर कीर्तनाची वेळ आली नसती.

या तीन नाटकांवरून काळ्या विनोदाची घडण कशी असते ते आता सांगता येईल. पहिली गोष्ट भाषेची. नात्याची भाषा आणि व्यवहाराची भाषा एकाच वाक्यात शेजारी बसतात. ‘दादा, तू मला बाबांच्या जागी आहेस, तेवढी या कागदावर सही कर,’ असे आमच्या पदरचे एक वाक्य उदाहरणादाखल घ्या. पहिला अर्धा भाग खरा असतो आणि दुसराही. दोन्ही एकत्र आले की हसू येते. दुसरी गोष्ट वेळेची. शोकाला सवड लागते, पण दहावे-तेरावे तिथीवर येतात, आचाऱ्याला आगाऊ पैसे द्यावे लागतात, मुंबईकराची रजा संपत येते. डोळ्यांत पाणी असतानाच पंगतीची पाने मोजावी लागतात. तिसरी गोष्ट वस्तूंची. माणूस जातो आणि त्याच्या जागी एखादी वस्तू बसते: गंजका ट्रॅक्टर, दागिन्यांचा डबा, बँकेतली रक्कम. घरातली माणसे त्या वस्तूभोवती फिरू लागतात. जणू घरातला वडीलधारा आता तोच. या तीन गोष्टींत अतिशयोक्ती अशी काहीच नाही. नाटककार फक्त त्या एका दिव्याखाली आणून ठेवतो.

आता वसईच्या ओटीकडे वळू. धरणगावचा सुधीर वाडा सोडून मुंबईस गेला. वसईत उलटे घडले. येथे मुंबईच वाडीत आली. केळी, नागवेल, मोगरा आणि भाजीपाला यांच्या बागा, मध्ये विहीर आणि बावखल, आणि एका बावखलाच्या पाण्यावर अनेकांची शिंपणी, असा हा मुलूख. त्याच्या पूर्वेस रेल्वेच्या बाजूने इमारती उठत गेल्या, २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. देशपांड्यांची भावंडे कोसळणाऱ्या वास्तूसाठी भांडली. आमच्याकडची भावंडे भाव वाढणाऱ्या जमिनीसाठी भांडतात. ज्याने वाडी शिंपली त्याला वाटते, मी राहिलो म्हणून ती राहिली. जो परगावी किंवा परदेशी गेला त्याला वाटते, मी माझ्या वाट्याचे आजवर खाल्ले नाही, ते साठले आहे. सातबाराच्या उताऱ्यावर मात्र दोघांची नावे सारख्याच अक्षरात असतात. तलाठ्याच्या दप्तरात शिंपणीची नोंद होत नाही.

आणि बहीण? तिच्यासाठी हक्कसोडपत्र नावाचा एक कागद आपल्याकडे फार दिवस तयार असतो. याविषयी कायद्याची स्थिती श्रोत्यांना ठाऊक असलेली बरी. ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हिंदू कुटुंबांत १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या वाट्यात हिस्सा दिला, परंतु वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क दिला नव्हता. तो महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण कायदा अमलात येण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. संपूर्ण देशात तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. आणि त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणजे ‘वाडा चिरेबंदी’ प्रथम रंगले तेव्हा प्रभाचे नाव यादीत नव्हते यात कायद्याचाही हात होता. आज कायद्याचा हात तिच्या बाजूने आहे. तरीही राखी पौर्णिमेस ओवाळणीत लुगडे आणि दुसऱ्या दिवशी सहीसाठी कागद, हा प्रवेश अनेक घरांत अजून होतो. बहीण सही करते, कारण तिला माहेर हवे असते. भावाला वाटते, तिने जमीन सोडली. वस्तुतः तिने जमीन देऊन माहेर विकत घेतलेले असते, आणि ते माहेर पुढे किती दिवस टिकेल याची हमी कोणत्याही मुद्रांकावर लिहिलेली नसते.

२००७ साली आईबापांच्या निर्वाहाचा कायदाही झाला. ‘मला सांभाळा’ या अटीवर म्हाताऱ्याने मिळकत मुलाच्या नावे केली आणि मुलाने पाठ फिरवली, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते. गणपतराव बेलवलकरांच्या वेळी हे साधन नव्हते. आता आहे, हे चांगलेच झाले. परंतु कायदा मिळकतीची वाटणी करू शकतो, उपेक्षेला दंड करू शकतो. ‘मी जे केले ते तुम्ही पाहिले का?’ या प्रश्नाला न्यायाधिकरण उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर घरातल्या माणसांनीच द्यायचे असते. ते सर्वांदेखत देण्याचा अधिकार ज्याला सर्वांत अधिक असतो तो घरातला बाप किंवा आई, आणि बहुधा तीच दोघे आपल्या हयातीत त्याविषयी मौन पाळतात. मुलांत भेद नको, या भल्या हेतूने पाळतात. त्या मौनाचे भांडण होऊन ते मुलांच्या वाट्याला येते.

काही सज्जन असे म्हणतील की घरातली घाण चारचौघांत मांडणारी आणि वर तिच्यावर हसवणारी नाटके समाजाने पाहूच नयेत; आईबापांविषयीची पूज्यबुद्धी त्याने ढळते. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पूज्यबुद्धी ही खरोखरच मोलाची वस्तू आहे. परंतु ‘गिधाडे’तल्या मुलांची पूज्यबुद्धी नाटक पाहून ढळलेली नव्हती, बापाचा व्यवहार पाहून ती कधी उपजलीच नव्हती. उलट काळ्या विनोदाचे हसू हा एक कबुलीजबाब असतो. ज्याला त्या घराची काहीच ओळख नाही त्याला हसू येणार नाही, किळस तेवढी येईल. हसला तो ओळखून हसला. आणि ज्याला स्वतःतले गिधाड क्षणभर दिसले, त्याला निदान पंख आवरण्याची संधी मिळाली. ‘नटसम्राट’ पाहून आपण आईबापांसाठी रडतो आणि घरी येऊन झोपतो. ‘वाडा चिरेबंदी’ पाहून आलेला मनुष्य मात्र, आमची अपेक्षा अशी की, दुरावलेल्या भावाच्या बाजूचा हिशेब एकदा तरी मनाशी मांडून पाहील. त्याला तो पटणार नाही कदाचित. पण तो खोटा नाही, एवढे जरी ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.

म्हणून आमची श्रोत्यांना विनंती एवढीच. ज्यांचे आईबाप हयात आहेत आणि ज्यांच्या सातबारावर एकाहून अधिक नावे आहेत, त्यांनी सर्व भावंडांस, बहिणींसह, एका संध्याकाळी त्या ओटीवर बसवावे. कागद त्या दिवशी काढू नयेत. वाडी कोणी शिंपली, औषधे कोणी आणली, पैसे कोणी धाडले, शिक्षण कोणाचे राहिले, हे म्हाताऱ्यांच्या तोंडून सर्वांदेखत एकदा म्हटले जावे. मोजणीचा साखळदंड आणि वकिलाची नोटीस यांना त्यानंतरही येता येईल. पण तोपर्यंत जे बोलायचे ते ऐकणारा माणूस घरात जिवंत असेल.